दोन चौकोन

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन चौकोन:
डावा लोण्याचा, उजवा मोहरीकडे झुकलेला.
रागन्हिल्ड म्हणते, डावा.
ओड्वार काहीच म्हणत नाही,
म्हणजे उजवा.

ट्रोम्सोत नोव्हेंबर सरत आलाय,
सूर्य बुडाला तो आता जानेवारीतच.
बल्बखाली दोन्ही सारखेच,
कावीळ झाल्यासारखे.
‘उजेड तर येऊ दे,’ ती म्हणते.
ब्रश बरणीत उभा राहतो, वाळून काठी होतो.

जानेवारीच्या एकविसाव्या दुपारी
डोंगराच्या खांद्यावरून
चार मिनिटं ऊन येतं,
फ्रिजवर चढतं,
चौकोनांपर्यंत पोचतच नाही.

कॉफी निवते. दोघं
फ्रिजकडे बघत राहतात,
त्या जुन्या, पोचे पडलेल्या पांढऱ्या फ्रिजकडे.
‘हा,’ ओड्वार म्हणतो,
‘हाच. डब्यावर नाव काय असतं याचं?’