उपाशीपोटी

सातच्या आत या, चहासुद्धा नको,
असं मी सगळ्यांना बजावून ठेवते.
पण सातला रेवदंड्याच्या बंदरावर अर्धा दिवस सरलेला असतो.
मथुरा नाखवा टोपली बाकाखाली सरकवते
आणि बोट पुढं करते.
मिठानं जाड झालेल्या कातडीत सुई दोनदा अडते.
दोनशे शहात्तर.
"बोंबलाच्या वाट्याला पन एवढा भाव नाय गावला,"
म्हणते, आणि माझ्याच खुर्चीवर बसून हसते.

तिच्या टोपलीत जवळा आहे.
डोळे असलेली गुलाबी धूळ.
दहा वाजता टेम्पो येईल, गोणी वजनाला लागेल,
कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना सगळा उचलतो, सुका, ओला, वाळू लागलेलाही.
संध्याकाळी नाक्यावर तीच कोंबडी
लाल रंग लावून काडीवर उभी असते.
मथुरेचा नातू ती खातो. त्याचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार.
त्याच्यासाठी लोहाच्या गोळ्यांचा खोका येतो,
येतो तोही टेम्पोनंच,
उलट्या दिशेनं.
हे मी रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहू?

मागच्या बुधवारी शाळेत पडदा लावला होता.
निनाद सामंत नावाचा मुलगा, विद्यापीठाचा, घसा बसलेला,
नकाशा दाखवत होता. वर्ष दोन हजार पन्नास.
खारबंदिस्तीच्या आतली सगळी शेतं निळी.
"माजी चूल कंच्या रंगात हाय?" हसुराम म्हात्र्यांनी विचारलं.
सामंतनं काठी पडद्यावर फिरवली, मग खाली घेतली.
पुढचं चित्र पटकन लावलं:
समुद्र तापतोय, तारली वर सरकतेय,
डोलीत जेलीफिश येतात ते काही उगाच नाही.
मग खाडीतल्या शेवाळाची पावडर, मग किड्यांचं पीठ,
मग टाकीत वाढवलेलं मांस,
मासळीचंसुद्धा, जीव न मारता.
मथुरा मागून म्हणाली, "काटा असतो त्याला?"
"नाही, अजिबात नाही."
"मंग मांजरीनं काय खावाचा?"
सगळी शाळा हसली. सामंतही हसला,
पण वहीत त्यानं काहीतरी लिहिलं. मी पाहिलं.

हसुराम उठून घरी गेले आणि बरणी घेऊन आले,
नातवंडांच्या चॉकलेट पावडरीची, रिकामी केलेली.
आत राता. तांबडं, आखूड, कुसळाचं भात.
उघाडीजवळ खांड गेली त्या साली
बाकी सगळं जळलं, तेवढं दोन गुंठे उभं राहिलं.
पाहुण्यांना वाढायला सुना लाजतात,
म्हणून ते स्वतःपुरतंच शिजवतात. वय एक्याऐंशी.
साखर? मी मोजलेली आहे. सांगत नाही,
एका माणसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही
हे मला प्रशिक्षणात शिकवलंय.
सामंतनं मूठभर मागितलं.
हसुरामांनी मूठ मोजून दिली,
"परत आनून दे हां, येवडाच."

आज रविवार. केंद्र बंद.
यंत्र मी घरी आणलंय, तसं आणायचं नसतं.
नऊ वर्षं मी लोकांची बोटं टोचतेय,
आपलं बोट पुढं करायला एवढा वेळ का लागला कुणास ठाऊक.
उपाशीपोटी एकशे अठरा.
म्हणजे कुंपणावर.

मग राता शिजायला टाकला. वाटीभर, बरणीतला,
हसुरामांनी न मागता दिलेला.
बराच वेळ लागतो त्याला, गॅस नुसता जळत राहतो.
मथुरेकडून पावशेर जवळा, टेम्पोच्या भावानं नव्हे,
ती नको म्हणत असताना पूर्ण पैसे देऊन.
कांदा, आमसूल, मीठ कमी.
चावून चावून खाल्लं. दाताला थोडं लागतं ते.

दोन तासांनी पुन्हा टोचायचं आहे.
घड्याळ समोर ठेवून मी पायरीवर बसलेय.
उधाणाचा दिवस.
पाणी उघाडीच्या फळ्यांना येऊन टेकलंय,
फळीच्या वर अजून चार बोटं कोरडी आहेत.