वसमत रोड, शनिवार

नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली चिठ्ठी येते.
टिश्यू पेपरवर, बिलाच्या पेनानं,
कोपऱ्याला मसाला शेंगदाण्याचं तेल.
उघडायची गरज नसते.
अझरभाई कीबोर्डवरून माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं,
आणि ढवळे माईकमध्ये फुंकर मारून म्हणतो,
"जगात जर्मनी..."
उरलेलं टेबलं ओरडतात.
मग तेच गाणं.

ई, सी, जी, डी.
ई, सी, जी, डी.
सव्वापाच मिनिटं. मुखडा चारदा,
लोक शिट्ट्या मारतात म्हणून वर आणखी दोनदा.
नऊ वर्षांत हे किती वेळा वाजवलं
याचा हिशोब एकदा चकण्याच्या पाकिटावर मांडला होता.
आकडा दोन हजारांपुढं गेल्यावर
पाकीट चुरगाळलं.

दिवसा मी मोटारी भरतो.
जळालेली कॉइल काढायची, नवी तार, तेवढेच वेढे,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
बटन दाबल्यावर मोटार जो हुंकार देते
तो जी असतो, किंचित चढा.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बेस ऐकू येत नाही म्हणतात.
सोयरीक जुळताना सासऱ्यांनी विचारलं होतं,
"गिटार वाजवतेत म्हणं तुम्ही,
मग दोन तारा कमी कशा?"

त्या चार ताराही जुन्याच.
नव्या घ्यायच्या तर दोन शनिवार फुकट जातात,
म्हणून महिन्यातून एकदा उकळून घेतो.
घामाचा, तेलाचा काळा थर पाण्यावर येतो
आणि आवाज आठवडाभर ताठ उभा राहतो.
पातेलं देते इंदरबाई, भाकरीवाली.
"काय शिजवायलास रं हे? शेवया?"

तिचा चूलखंड स्टेजच्या मागं.
मध्ये नऊ इंची भिंत आणि
सगळं गिळणारा एक्झॉस्ट फॅन.
ढवळेचा गळा तिकडं पोचत नाही,
अझरभाईची बटनातली व्हायोलिनं पोचत नाहीत.
भिंतीतून पलीकडं जातो तो मी एकटा.

हे कळलं पोळ्याच्या आसपास.
त्या रात्री चौथ्या चिठ्ठीला वैतागून
मी जीच्या जागी बी घातला,
मग पायरी पायरीनं खाली उतरत आलो.
बरं वाटलं.
चौदा टेबलांपैकी एकाचाही घास अडला नाही.
पण ब्रेकमध्ये ती बाहेर आली,
कोपरापर्यंत पीठ.
"आज चुकायलास व्हय?
मधीच कुठं गेला होतास?
माझ्या हातातली भाकर फाटली की."

आणि तिनं हवेत चार थापा मारून दाखवल्या,
वर हुं हुं करत गायलीसुद्धा.
शब्द नाहीत, चाल नाही,
नुसते माझे चार सूर, घोगरे, बरोब्बर जागेवर.
तिच्यासाठी गाणं एवढंच होतं.
"लई ग्वाड हाय," ती म्हणाली. "केलंय कुणी?"
मी म्हटलं, विचारून सांगतो.

तेव्हापासून जी म्हणजे जी.
पहिल्या चिठ्ठीला, दुसऱ्या, तिसऱ्या,
बोटं आपली वेढे मोजत राहतात.
ढवळे विचारतो, "आजकाल लई सरळ वाजवायलास, तब्येत बरी हाय ना?"

पावणेअकराला तिची रिक्षा येते.
दोनदा हॉर्न. डब्याचं झाकण. गेट.

चिठ्ठ्या त्यानंतरही येतातच,
आणि मग मी वाट्टेल तिथं भटकतो,
बी वर जातो, खालचे कोमल सूर चाचपतो,
परवा तर अख्खं कडवं
एकट्या ई वर उभा राहिलो.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या.
कुठं गेला होतास,
कुणी विचारलं नाही.