दुभाष्याची जबानी

जावईबापू, सनद मिळाली, पेढे वाटून झाले,
आता जरा टेका. एका जज्जाचं सांगतो.
कॉर्मक डेलाहंटी. आयर्लंडातल्या कुठल्याशा
दगडाळ खेड्यातला. पक्षकारांच्या तोंडी
त्याचा दिलहट्टी झाला, आणि शोभलाही.

मी गजानन मानकर, त्याच्या डाव्या हाताला उभा,
अकरा वर्षं.
साक्षीदार मराठीत, साहेब इंग्रजीत,
मधे माझा घसा.
पगार साठ रुपये, घशाचे वेगळे नाहीत.

वकिलीला आला तेव्हा म्हणे अंगावर एकच कोट.
अपोलो स्ट्रीटच्या जुन्या कोर्टात
इंग्रज बॅरिस्टर त्याच्या उच्चारांना हसत,
'र' असा घोळवायचा, की जात्यात हरभरे.
कामं काय, तर बुडालेल्या मचव्याचा विमा,
कापसाच्या गाठीत निघालेले धोंडे,
एका बावाजीच्या मृत्युपत्रातले चार पोपट.
मग कापूस चढला. मग कापूस पडला.
शेटजींची दिवाळी निघाली, आणि त्या दिवाळ्यांच्या पायऱ्यांवरून
साहेब मलबार हिल चढला.
हे तो स्वतःच सांगे. लपवत नसे.

एकदा टिफिनच्या वेळी मी विचारलं,
साहेब, तुमची भाषा कोणती?
"इंग्रजी." मग पाव मोडता मोडता,
"आईची वेगळी होती.
शाळेत ती तोंडून निघाली
की गळ्यातल्या काठीवर एक खाच.
संध्याकाळी खाचा मोजून छड्या."
काठी केवढी, ते त्यानं टेबलावर दाखवलं.
वीतभर.

आता माझगावच्या वाडीचा दावा.
गिरणीवाल्याला तिथे चिमणी उभी करायची,
आणि पिंजऱ्यात चांगुणा भंडारीण,
कमरेला अजून कोयत्याची आकडी.
वकिलानं विचारलं, तुझ्या ताब्यात काय काय आहे?
ती बोलायला लागली ती बोलतच राहिली.
मी म्हणालो: सतरा माड.

साहेबानं लेखणी खाली ठेवली.
"मानकर, बाई पाव तास बोलली,
आणि तुझे दोन शब्द?"
म्हटलं, हुजूर, बाकीचं पुराव्यात येत नाही.
"ते येऊ दे."

मग सांगितलं. हा वाकड्या, ही थोरली जाऊ,
हा ज्याच्यावरून नवरा पडला तो, त्याची ताडी ती काढत नाही,
ही मुकी, हिला नारळ धरत नाहीत,
हा दर्याकडे पाठ केलेला...
गिरणीचा बॅरिस्टर साखळीचं घड्याळ बघत होता.
साहेब आपल्या वहीत एकेक उतरवत होता,
शाळेतल्या पोरासारखा, जीभ ओठाबाहेर.

तुम्हाला वाटेल, बाई जिंकली.
भाडेपट्टा होता. अंगठा होता.
दिलहट्टीनं हट्ट केला तो कायद्याच्या बाजूनं,
निकाल दीड पानात, माडांचा उल्लेख नाही.
वाचून झाल्यावर मला म्हणाला,
"हे तिला कोणत्या शब्दात सांगशील?"
बेदखल, मी म्हणालो.
"फोडून सांग."
दखल म्हणजे ताबा, हुजूर. पण दखल घेणे
म्हणजे लक्ष देणेही.
बराच वेळ पंख्याची दोरी तेवढी करकरली.
"दुसरा शब्द बघ."
दुसरा नव्हता. तोच सांगितला.
चांगुणा मला हात जोडून गेली. मला!

पेन्शन घेऊन साहेब परत गेला.
चार वर्षांनी एक पत्र आलं,
ना खुशाली, ना हवापाणी:
वहीत सातव्या माडावर शाई सांडली आहे,
नाव लागत नाही. कळव.

मला आठवेना.
माझगावला गेलो, धूर होता.
चांगुणा कुणी म्हणे उरणला, कुणी म्हणे गेली.
घरी आलो, दौत उघडली,
आणि सातव्याला एक नाव मनानं ठेवून
पुढच्या टपालानं धाडून दिलं.

जावईबापू, तेवढं एक नाव सोडून
अकरा वर्षांतलं बाकी सगळं
मी शपथेवर सांगेन.