शेरा

उपकेंद्रातल्या रजिस्टरला सात रकाने.
तारीख, वेळ, फीडर, लोड, बंद, चालू
आणि शेवटचा, सगळ्यात रुंद: शेरा.
तो बहुतेक कोराच राहतो.

तू तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी झालीस, उत्पला.
पोरं लाकडी बैल ओढत हिंडत होती,
चाकांचा खडखडाट दवाखान्याच्या खिडकीपर्यंत येत होता.
दोन किलो तीनशे. डोळे मिटलेले.
आणि माझं बोट धरलंस.
ऑपरेटर व्हायच्या आधी सहा वर्षं मी खांबांवर चढलोय,
पकड कशाला म्हणतात ते मला कळतं.
खाली बघायचं नाही, सोडायचं नाही.
तुला हे कुणी सांगितलं?

पंचफुला मावशीला तारखा येत नाहीत.
दुसऱ्या वेच्याले मान धरली पोट्टीनं, म्हणते,
तुरी सोंगल्या तवा कुशीवर वळली.
तुझी आई अंगणवाडीचं कार्ड काढते.
हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, मधून चढत गेलेले तुझे ठिपके.
"आपली हिरव्यात हाय," बोट ठेवून दाखवते,
धुऱ्यावर उभं राहून आपलं वावर दाखवावं तसं.

माझ्याकडे रजिस्टर.
रात्रपाळी. कृषी फीडर चालू,
थंडीत लोक वावरात, गव्हाला पाणी,
आणि सुकेशिनीचा फोन:
"पालथी पडली हो! आपसूक!"
मी पेन्सिलीनं लिहिलं, शेऱ्यात:
०४:१०. पालथी पडली.

पुढच्या आठवड्यात गेडाम साहेब तपासणीला.
पानं उलटता उलटता थांबले.
"काय पालथं पडलं? रोहित्र? रिपोर्ट काहून नाही?"
"पोट्टी, साहेब."
त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.
"माह्या पोराचं मले काहीच आठवत नाही," म्हणाले,
"तवा मी चंद्रपूरले होतो."
आणि खाली सही केली.

खरं तर ती वेळ चुकीची आहे.
चार दहाला फोन आला.
तू वळलीस कधी, ते तुलाच ठाऊक.
पहिल्यांदा हसलीस तेव्हा मी निर्गुड्याच्या पलीकडे
डीओचा फ्यूज बांधत होतो.
पहिला दात वाटीला लागून टणकन वाजला म्हणे,
तो आवाज मावशीच्या कानात आहे, माझ्या नाही.
माझ्या हाती सगळं ऐकीव,
वेळेसकट.

मग चैतातली ती दुपार.
सुट्टीचा दिवस. लाईट गेली.
तू पंख्याकडे बघत होतीस, नेहमीसारखी.
पाती मंदावली, एकाची तीन झाली,
तुला हे नवीनच.
थांबली तशी तू मान खाली आणलीस
आणि माझ्याकडे बघितलंस,
सगळं गाव बघतं तसं.
मी म्हटलं, बाई, आज माझी ड्यूटी नाही.

तू बसली होतीस.
हे मला जरा उशिराच कळलं.
उशी सरकली होती, मागे काही नव्हतं,
दोन्ही तळवे सतरंजीवर रोवून, बेडकीसारखी,
डुलत, सावरत, पुन्हा डुलत.
मी पाठीमागे हात धरला,
चालू तारेपासून ठेवतात तेवढ्या अंतरावर.
लावला नाही.
इतका वेळ हात हवेत धरायची सवय
खांबावरही नव्हती मला.

किती वेळ? घड्याळ समोर होतं, बघितलं नाही.
लाईट आली, पंखा गरगरला,
तू दचकून वर बघायला गेलीस
आणि आडवी झालीस, माझ्या हातावर.

मावशी दारातून: "बसली का रे?"
"हाव."
"मंग ध्यानात ठेव," ती सूप टेकवत म्हणाली,
"मोहफुलं सरली त्या दिवशी."