काळी पाच, जराशी उतरलेली

नोव्हेंबरात पहिला टिकाऊ बर्फ पडला
की पुओलांकाला एकदम आठवतं, गाडीला चाकं असतात.
सकाळी सातला ताइस्तोच्या गॅरेजपुढे रांग,
इंजिनं सुरू, थर्मासात कॉफी, शिव्या हळू आवाजात.
मी शिकाऊ. माझं काम टायर वाहून आणायचे
मागच्या शेडमधून, जिथे ते उन्हाळाभर निजलेले,
अंगावर माझ्याच खडूचं अक्षर :
डावं पुढचं. उजवं मागचं.

रांगेत तिसरी हेल्लेवी, पियानो जुळवणारी.
अर्ध्या कैनूतल्या शाळा, चर्चं, म्हाताऱ्यांची घरं
तिच्या एका निळ्या व्हॅनवर सुरात असतात.
ताइस्तोनं तिच्या टायरच्या खाचेत
दोन युरोचं नाणं उभं केलं.
रुपेरी कड बाहेरच राहिली.
"संपले," तो म्हणाला, वर न बघता.
"खिळ्यांचे घे."
"खिळ्यांचे नकोत."

ताइस्तोला कुणी नको म्हटलेलं
मी तोवर ऐकलं नव्हतं.
त्याचा उजवा कान इम्पॅक्ट गननं कधीच नेलाय,
तो माणसांच्या ओठांकडे बघतो.
ओठ सांगत होते :
उघड्या डांबरावर दोन तास खिळे कडकडतात,
मग शाळेत पोचते, झाकण उघडते,
आणि कानात नुसती गारपीट.
त्यात मी षड्ज कुठे शोधू?

"आणि काळ्या बर्फावर?"
"तिथे ऐकते.
मऊ रबर रस्त्याशी सारखं काहीतरी बोलत असतं.
तळ्याच्या वळणावर ते बोलता बोलता गप्प झालं
की पाय उचलते.
ब्रेक नाही. नुसता पाय."

ताइस्तो बराच वेळ नाण्याशी खेळला.
मग वरच्या फळीवरून स्वतः चार टायर काढले,
माशाच्या कल्ल्यांसारख्या बारीक चिरांचे,
कडेला डोंगर, डोंगराच्या पोटात हिमकण.
हेल्लेवीनं चष्मा लावून
त्यांच्या जन्माचा आठवडा वाचला,
चारही टायरांचा, एकेक.

हवा मी भरली. दोन पूर्णांक चार, काटा अगदी रेषेवर.
मी मान वर केली, शाबासकीसाठी.
"गाडी बाहेर काढ," ताइस्तो म्हणाला, "आणि तासभर थांब."

आत वीस, बाहेर उणे आठ.
तासाभरानं काटा दोन पूर्णांक एकवर.
मी वॉल्व्हला थुंकी लावून बघितली. बुडबुडा नाही.
"गेली कुठेच नाही," हेल्लेवी म्हणाली,
"थंडीत हवासुद्धा अंग चोरते.
मीही पियानो दुकानात नाही जुळवत.
जिथे उभा राहणार, तिथे.
हॉलची हीटर एक दिवस आधी लावायला सांगते,
आणि कुणी लावत नाही."

मग तिथेच, बर्फात गुडघे टेकून,
कमी पडलेलं मी पुन्हा भरलं, बोटं बधिर.
जानेवारीत उणे तीस झालं की परत मोजायचं,
निघण्याआधी, चाक फिरण्याआधी.
तिनं प्रेशर गेज स्वरकाट्याच्या पिशवीत टाकला.

तेवढ्यात आत कॉम्प्रेसर सुरू झाला.
पैसे मोजता मोजता ती थांबली.
"काळी पाच," म्हणाली. "जराशी उतरलेली."
"काय?"
ती वळसा घालून त्याच्या डाव्या कानाशी गेली
आणि पुन्हा म्हणाली.

त्या हिवाळ्यात हे सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकलं.
दूधवाल्यानं, पाद्र्यानं, लाकडाच्या ट्रकवाल्यांनी :
माझा कॉम्प्रेसर काळी पाचमध्ये आहे.

फेब्रुवारीत पट्टा तुटला. मी नवा घातला, करकचून.
ताइस्तो दिवसभर टाकीवर तळवा ठेवून
येता जाता उभा राहायचा.
दिवे घालवताना म्हणाला,
"नूत्ती, तो पट्टा.
जरा ढिला कर."