हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात गुप्तेबाई
आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला जात.
वकिलातीच्या खिडकीशी, कडक इस्त्रीच्या साडीत,
पासपोर्ट, पेन्शनचं पुस्तक, आणि स्वतः.
मी गाडी चालवत असे, म्हणून मला माहीत.
फॉर्मच्या तळाशी एक ओळ असे :
पुनर्विवाह केलेला नाही.
ऐंशीव्या वर्षी तिथे सही करताना
त्या काचेपलीकडच्या मल्याळी पोराला म्हणाल्या,
"अजून खात्री पटत नाही का रे तुमची?"
तो बिचारा शिक्का शोधत राहिला.

पाच वर्षांचा संसार, छप्पन्न वर्षांचं वैधव्य.
हे गणित त्यांनी कधी मांडलं नाही, मी मांडतोय.
लोक शहीद म्हणत, त्या दुरुस्त करत :
"लढाई नव्हती. बॉयलर फुटला.
ड्यूटीवर होता, एवढंच लिहा."
फोटोतला लेफ्टनंट कमांडर एकतिसाचाच राहिला,
पुढे पुढे तो त्यांच्या नातवासारखा दिसू लागला
आणि याचंही त्यांना हसू येई.

क्वार्टर रिकामं करताना त्यांनी तीन गोष्टी उचलल्या.
कडेवरची रेवा,
त्याचं पितळी बॅरोमीटर,
आणि चोवीस तासांचं घड्याळ, म्हणजे ते वाचायची सवय.
रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर चहा सोळाशेलाच व्हायचा.
सोळा-दहाला गेलात तर निवलेला मिळायचा.

शहात्तर साली मस्कतला आल्या,
भूगोल शिकवायला,
रस्ते नकाशावर यायच्या आधी.
मत्रहच्या बाजारात कनाद घेताना
कल्ला उचलून बघत, बोटाने दाबत,
आणि कोळ्याशी अरबीत भांडत.
व्याकरण चुकायचं, भाव कधी नाही.
घरी आल्यावर ती सुरमई व्हायची,
आमसुलाच्या आगळात न्हायची.
पाण्यात मात्र पाय घातला नाही कधी.
कुरुमच्या किनाऱ्यावर आम्ही सगळे भिजायचो,
त्या चपला सांभाळत बसायच्या, पाठ पाण्याकडे करून.

रोज सकाळी बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी.
इथल्या आभाळाला काय उद्योग?
काटा वर्षानुवर्षं जागचा हलत नसे.
आम्ही मागे हसायचो.
मग दोन हजार सातचा जून.
बाई जिना उतरून दारोदार फिरल्या :
"गाड्या वर चढवा. पिंपं भरा. काटा पडतोय."
त्यांच्या आवाजात असं काही होतं
की तळमजल्यावरचा पठाणसुद्धा उठला.
रात्री गोनू आलं. वादी रस्त्यावर आली.
आमच्या इमारतीची एकही गाडी वाहून गेली नाही.
पहाटे मेणबत्तीच्या उजेडात
त्या फोटोपुढे उभ्या होत्या, हात मागे बांधून,
आणि म्हणत होत्या, "नऊशे ऐंशी."
रिपोर्ट द्यावा तसं.
मी दारातूनच परत फिरलो.

ऑक्टोबरात गेल्या. झोपेत, दुपारच्या.
सोहारला न्यायचं होतं, दोनशे किलोमीटर.
गाडीवर मुराद बलुची. उजवीकडे सबंध वाट समुद्र.
खबूराजवळ त्यानं विचारलं, "इनका आदमी?"
मी बोटानं उजवीकडे दाखवलं.
तो काही बोलला नाही.
फक्त रेडिओ आधीच बंद होता
तरी त्याचं बटण पुन्हा एकदा फिरवलं.

राखेचं काय करायचं ते त्या सांगून गेल्या होत्या :
"पाण्यात नको हं. मला पोहता येत नाही."
रेवा म्हणते, बाबांची तर पाण्यातच सोडली होती.
रेवा म्हणते, नंतर बघू.
कलश कपाटावर आहे, बॅरोमीटरच्या शेजारी.

आज नोव्हेंबरची चार तारीख.
सवयीनं गाडी धुतली, खाली उभी केली.
मग वर गेलो, काचेवर टिचकी मारली.
काटा किंचित थरथरला,
जागेवर आला.