किरकोळ खर्च

आधी लाल रेघ, मग तारीख.
जयदुर्गा बचत गट, मौजे पिंपळधरी,
बेटावरच्या सहलीचा जमाखर्च.
जमेला सरगुंडे, मूगवड्या, शाळेची खिचडी,
आणि सात वर्षांचे सोमवार, शंभर-शंभरचे.

पैसे मी तीन जागी ठेवले होते.
एक वाटा परकराच्या चोरखिशात, सेफ्टी पिन लावून.
एक चिवड्याच्या डब्यात, मुरमुऱ्यांच्या बुडाशी.
तिसरा दुर्पतेजवळ,
कारण दुर्पता झोपेतसुद्धा कोणाला रुपया देत नाही.

बँकेतला पोरगा म्हणाला होता,
काकू, आता सगळं फोननंच होते.
बेटावर पाय ठेवला आणि फोनने डोळे मिटले.
एटीएम एकच. समोर रेशनच्या दुकानाएवढी रांग,
फक्त सगळे हाफचड्डीत.

नारळवाला म्हणाला, ऐंशी.
मैना मडावीने नारळ तळहातावर तोलला,
आर्वीच्या बाजारात कोहळं तोलते तसा.
"ऐंशीत तं कोहळं येते बाप्पा, वरून दोन लिंबं."
त्याला बोली कळली नाही, भुवई कळली.
साठ.

संध्याकाळी पाय दुखले.
बसायला जागा पाहिजे होती, दुसरं काही नाही.
पण किनाऱ्यावर बसायच्या जागा म्हणजे सगळे बार.
पहिल्या दारातल्या माणसाने आमची लुगडी पाहिली
आणि मेनूकार्ड पाठीमागे धरलं.
दुसऱ्यात गाणं एवढं मोठं
की नलूच्या कानातले डूल आपसूक हलले.
तिसऱ्यात नुसत्या खुर्चीचे पैसे.
चौथा पत्र्याचा होता. वाळूत खुर्च्या, दोन मांजरी,
गल्ल्यावर एक बाई,
कानावर पेन्सिल,
पुढ्यात वही, लाल रेघेची.
कोणी काही बोललं नाही. आम्ही बसलो.

आता हे सांगायलाच हवं. आमचा जिल्हा कोरडा.
कोरडा जिल्हा रात्री ओला होतो,
पऱ्हाटीच्या तासांत, ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये.
ज्या साली गट काढला त्या साली
याच दुर्पतेने मुसळाने सोळा मडकी फोडली.
मी मोजली होती. वहीत आहेत.
का फोडली, ते वहीत नाही.

गल्ल्यावरच्या बाईने हातानेच विचारलं, काय आणू?
लिंबूपाणी, आम्ही बोटं दाखवली, तीन.
दुर्पतेने शेजारच्या टेबलावरची बाटली दाखवली.
"दुर्पते!"
"थांब व. सोळा मडकी कायच्यापायी फोडली,
मले तं समजू दे."

एक घोट घेतला. तोंडात धरून ठेवला,
लेकराला द्यायचं औषध आई आधी चाखते तसा.
मैनाने डोक्यावरचा पदर सारखा केला, उगाच.
लाट आली, गेली, पुन्हा आली.
"कडू हाये," दुर्पता म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने, कोणाकडेही न बघता,
"याच्यासाठी?"

ग्लास सरकवून दिला तिने.
त्या बाईने बिल पाहिलं, भरला ग्लास पाहिला,
दुर्पतेचं तोंड पाहिलं,
पेन्सिल काढून बीअरच्या आकड्यावर काट मारली.
"न्हाई," दुर्पता म्हणाली, "पुरं लिव्ह."
आणि जिच्या मुठीतून रुपया सुटत नाही तिने
कंबरेची पिशवी सोडली, नोटा ओल्या बोटाने मोजल्या,
वर दहाची एक ठेवली मांजरींसाठी.

काल समाजमंदिरात हिशेब वाचला.
बोट, खोली, नारळ, लिंबूपाणी तीन.
पुढच्या ओळीवर माझा पेन अडकला.
नलू म्हणाली, प्रवासात टाक.
मैना म्हणाली, खुर्चीचं भाडं लिही ना.
मीच म्हटलं, औषधपाणी?
मागच्या सतरंजीवरून आवाज आला,
"जसं हाये तसं लिव्ह."

लिहिलं. बीअर, एक.
शिल्लक तीनशे बारा रुपये.
सगळ्यांना मंजूर.
खाली दुर्पतेची सही,
त्यातला र्प नेहमीसारखा रेघेच्या बाहेर.